गेल ऑम्व्हेट : आई, सहकारी, मैत्रीण

(मंचाच्या ऑगस्टमधील स्मृतिसभेत मिनेसोटातील एका सभासद मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



आज बोलायला सांगितलं तेव्हा मी आयोजकांना एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. गेल ऑम्व्हेट यांची आणि माझी वैयक्तिक ओळख नव्हती. त्यांच्याबरोबर मोर्चात चाललेली, त्यांच्याशी तासन् तास वाद घातलेली, त्यांच्या घरी जेवलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ आहेत तशा आठवणी माझ्याजवळ नाहीत. माझ्याजवळ आहे तो एक योगायोग आणि शेल्फवरची त्यांची पाच-सहा पुस्तकं.

योगायोग असा. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जन्मले, आणि १९९८ पासून मिनिआपोलिसमध्ये राहते. गेल ऑम्व्हेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ चा, मिनिआपोलिसचा. त्यांचं निधन २५ ऑगस्ट २०२१ रोजी झालं ते वाळवा तालुक्यातल्या कासेगावात. म्हणजे ज्या वाटेनं मी इकडे आले त्याच वाटेनं त्या कितीतरी वर्षं आधी उलट्या दिशेनं गेल्या होत्या. आपण सगळे देश सोडून आलेले लोक आहोत. देश सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच त्यांच्या आयुष्याकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं बघू शकतो असं मला वाटतं.

मी त्यांना गेलताई म्हणणार आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत.

आमच्या तालुक्याची ओळख दोन गोष्टींनी सांगितली जायची, ऊस आणि प्रतिसरकार. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात जे समांतर सरकार चाललं त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. त्या गोष्टींत बायका कमी असायच्या. पण माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि ती एक नाव आवर्जून घ्यायची, कासेगावच्या इंदुताई पाटणकर. लहान वयात स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, भूमिगतांच्या चळवळीत काम केलेल्या. त्यांचे पती बाबूजी पाटणकर हेही प्रतिसरकारातले कार्यकर्ते. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा खून झाला. पण इंदुताईंनी चळवळ सोडली नाही. आई त्यांच्याबद्दल बोलता बोलता पुढे सांगायची, "आणि त्यांची सून अमेरिकेची आहे बरं का."

जगात विद्वान म्हणून ओळखली जाणारी बाई आमच्या तालुक्यात आधी 'इंदुताईंची सून' होती. याचं आता हसू येतं. पण विचार केला तर त्यात थोडं तथ्यही आहे. सून म्हणजे बाहेरून येऊन घरची होणारी. आपल्याकडे तिनं घराची रीत मुकाट्यानं उचलावी अशी अपेक्षा असते. गेलताई महाराष्ट्राच्या घरी आल्या, पण त्यांनी रीत मुकाट्यानं उचलली नाही. ती रीत कुणी लावली, कुणाच्या सोयीची आहे, आणि घरातल्या कुणाला ओसरीच्या आत येऊ देत नाहीत, हे त्यांनी आल्याबरोबर विचारलं. आणि आयुष्यभर विचारत राहिल्या.

त्यांचं शिक्षण मिनेसोटातल्याच कार्लटन कॉलेजात झालं. (याच कॉलेजात पुढे एलिनॉर झेलियट यांनी अनेक वर्षं इतिहास शिकवला. आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करणारी दोन मोठी नावं आमच्या या थंडगार राज्याशी जोडलेली आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.) १९६३ मध्ये गेलताई पहिल्यांदा भारतात आल्या. नंतर बर्कले. साठच्या दशकातलं बर्कले म्हणजे व्हिएतनाम युद्धाला विरोध, नागरी हक्कांची चळवळ, स्त्रीमुक्तीची सुरुवात. तिथून त्या पीएच.डी.साठी पुन्हा महाराष्ट्रात आल्या. विषय होता १८७३ ते १९३० या काळातली पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ.

आज हा विषय कुणालाही रास्त वाटेल. तेव्हा तसं नव्हतं. महाराष्ट्राचा आधुनिक इतिहास म्हणजे रानडे, टिळक, गोखले, असंच पुष्कळ अभ्यासक धरून चालत. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय मराठीतसुद्धा एकत्र छापलं गेलं ते १९६९ मध्ये. अशा वेळी तिशीतली एक अमेरिकन मुलगी सत्यशोधकांची जुनी कागदपत्रं शोधत हिंडते, मराठी शिकते, आणि १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त जोतीरावांच्या विचारांवर लेख लिहिते. पुढे १९७३ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली आणि १९७६ मध्ये प्रबंधाचं पुस्तक झालं, 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी'.

आता हे साल लक्षात घ्या. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली, सत्यशोधक समाज काढला. 'गुलामगिरी' त्यांनी कुणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या इथल्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. बरोबर शंभर वर्षांनी एका अमेरिकन बाईनं जोतीरावांच्या चळवळीवरचा प्रबंध बर्कलेत पुरा केला. जोतीरावांच्या पत्राला अमेरिकेतून पोच यायला शंभर वर्षं लागली, असं मला नेहमी वाटतं.

संशोधक येतात, टिपणं काढतात, परत जाऊन पुस्तक लिहितात आणि प्राध्यापक होतात. त्यात वाईट काही नाही. जगातलं बरंचसं ज्ञान असंच तयार झालं आहे. गेलताई मात्र राहिल्या. १९७६ मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं. भारत पाटणकरांनी वैद्यकीचं क्षेत्र सोडून पूर्णवेळ चळवळीचं काम पत्करलं होतं. १९८० मध्ये श्रमिक मुक्ती दल स्थापन झालं. घर कासेगावात, सासूबाईंसोबत. आणि १९८३ मध्ये गेलताईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबूया. या खोलीतल्या बहुतेकांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. रांगेत उभं राहून उजवा हात वर करताना पोटात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आपल्याला भारतानं नंतर ओसीआय कार्ड दिलं. म्हणजे एक दार थोडं उघडं राहिलं. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही, त्यामुळे गेलताईंना अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागला. ज्या निळ्या पासपोर्टासाठी आपण वर्षानुवर्षं कागद भरतो तो त्यांनी ठेवून दिला. मला यात त्याग वगैरे शब्द वापरायचे नाहीत. त्यांनी हिशोब वेगळा मांडला इतकंच. काम जिथे आहे तिथलंच नागरिक व्हायचं.

सहकारी म्हणून त्यांनी काय केलं, ते मी दोन उदाहरणांनी सांगते.

पहिलं माझ्या घरातलं आहे. माझी धाकटी मावशी लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली. आमच्याकडे अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात. शब्द ऐका. भांडं टाकावं, कापड टाकावं, तशी बाई टाकलेली. थोडं सभ्यपणे बोलायचं असेल तर 'नांदत नाही' म्हणायचं. म्हणजे दोष पुन्हा तिचाच. मावशीचं नाव मामाच्या रेशनकार्डावर होतं, तेही खालच्या ओळीत. ती शेतावर राबायची. पण घर तिचं नव्हतं, जमीन तिची नव्हती, आणि नवऱ्यानं रीतसर सोडचिठ्ठी दिली नव्हती म्हणून ती धड त्याचीही नव्हती आणि मोकळीही नव्हती.

१९८० च्या दशकात सांगली-सातारा भागात इंदुताई, गेलताई आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी हा प्रश्न उचलला. 'परित्यक्ता' हा शब्द तेव्हा आमच्या गावात पोचला. मागण्या साध्या होत्या. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, पोटगी, राहायला जागा, कसायला तुकडा. मावशी एका मोर्चाला गेली होती. त्या मोर्चात कोण पुढारी होते, भाषणं काय झाली, तिला काही आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, "अगं, माझ्यासारख्या किती होत्या!" तोपर्यंत तिला वाटत होतं की हे तिच्या एकटीच्या नशिबाचं आहे. विद्यापीठात ज्याला आपण सिद्धांत म्हणतो, ते शेवटी असं असतं. नशीब म्हणून सोसलेली गोष्ट अनेकांचा प्रश्न म्हणून दिसायला लागते. गेलताईंचं 'वुई विल स्मॅश धिस प्रिझन' हे १९८० चं पुस्तक मी फार उशिरा, इथल्या लायब्ररीतून आणून वाचलं. त्यात शेतमजूर बाया, कामगार बाया स्वतः बोलतात. वाचताना मला मावशीचाच आवाज ऐकू येत होता.

दुसरं उदाहरण पाण्याचं. सांगली जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण तो दोन जिल्ह्यांसारखा आहे. पश्चिमेला कृष्णा-वारणेचं पाणी, ऊस, साखर कारखाने. पूर्वेला खानापूर, आटपाडी, जत, तिथे टँकरची वाट बघणारी गावं. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून गावी परतलेले खानापूर तालुक्यातले कामगार आणि तिथले शेतकरी मिळून मुक्ती संघर्षाच्या झेंड्याखाली दुष्काळाविरुद्ध उभे राहिले. त्यांनी विचारलं, दुष्काळी कामावर वर्षानुवर्षं खडीच का फोडायची? दुष्काळ हटेल असं काम का नाही? येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. तीच वाळू गावांनी आपल्या हक्कानं विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं, असं ठरलं. त्यातून बलवडी-तांदुळवाडी भागात बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. धरणाहून मोठी होती ती त्यामागची अट. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, कुटुंबाच्या प्रमाणात वाटायचं. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ज्यांनी उसाच्या पट्ट्यातलं पाण्याचं राजकारण पाहिलं आहे, त्यांना ही अट किती मुळाला हात घालणारी आहे ते सांगायला नको.

या लढ्यात गेलताई कार्यकर्त्या होत्या आणि लेखिकाही. तिथं काय चाललं आहे ते त्यांनी इंग्रजीत लिहून जगापुढे ठेवलं. तांदुळवाडीच्या शेतकऱ्याचं म्हणणं बर्कलेच्या सेमिनारमध्ये पोचवायचं, आणि तिथला वाद मराठीत परत आणायचा, हे दुभाष्याचं काम त्यांनी पन्नास वर्षं केलं. नुसती भाषा येते म्हणून हे जमत नाही. दोन्हीकडच्या माणसांचा विश्वास लागतो.

आता मैत्रीण म्हणून. मैत्रीण म्हणजे गोड बोलणारी, असं आपण समजत असू तर गेलताई पुष्कळांच्या मैत्रीण नव्हत्या. डाव्या चळवळीतल्या असून त्यांनी डाव्यांना जात दिसत नाही म्हणून खडसावलं. स्त्रीवादी असून शहरी स्त्रीवादाच्या मर्यादा दाखवल्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा अनेक जुने साथी नाराज झाले. १९९९ मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर त्यांनी अरुंधती रॉय यांना खुलं पत्र लिहिलं. त्या वेळी इथल्या आपल्यासारख्या लोकांत नर्मदा आंदोलनाबद्दल केवढी आस्था होती ते आठवा. गेलताईंचा मुद्दा असा, की धरणग्रस्तांबरोबर दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची पाण्याची मागणीही ऐका. त्याला पाणी हवं आहे, वीज हवी आहे. 'विकास नको' असं त्याच्या वतीनं शहरातल्यांनी परस्पर बोलू नये. खानापूर-आटपाडीची पार्श्वभूमी माहीत असेल तर हा मुद्दा कुठून आला ते कळतं.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. जागतिकीकरण आणि जनुकीय बियाणं यांबद्दल त्यांनी जो अनुकूल सूर लावला, तो मला फारच आशावादी वाटतो. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम त्या सुरात पुरेशी येत नाही असं माझं मत आहे. आज त्यांच्या स्मृतिसभेत मी हे मुद्दाम बोलते आहे. ज्या बाईनं आयुष्यभर आपल्याच बाजूच्या लोकांशी वाद घातला, तिला नुसती फुलं वाहणं म्हणजे तिचं न ऐकणं आहे.

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. फुले, आंबेडकर, बुद्ध आणि संत. १९९४ चं 'दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन', २००३ चं 'बुद्धिझम इन इंडिया', २००८ चं 'सीकिंग बेगमपुरा', नंतर भारत पाटणकरांबरोबर केलेले तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद. ही पुस्तकं ओळीनं वाचली की एकच धागा दिसतो. जातीविरुद्धचा विचार बाहेरून आलेला नाही. या मातीत त्याची स्वतःची अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. महाराष्ट्रावर प्रेम करायचं तर याही परंपरेवर करता येतं, हे त्यांनी आपल्याला दाखवलं.

शेवटी आई. गेलताईंची मुलगी प्राची पाटणकर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वाढल्या. आजी स्वातंत्र्यसैनिक, आई कार्यकर्ती-संशोधक. आज त्या अमेरिकेत राहतात आणि वंश, जात, स्त्रिया यांच्या प्रश्नांवर काम करतात, लिहितात. म्हणजे जिनं अमेरिका सोडली तिची मुलगी अमेरिकेत आली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया तिकडे फोनजवळ बसून असतात. गेलताईही लेक परदेशी असलेली आई होत्या. दुरून बघणाऱ्याला या घराबद्दल इतकंच कळतं, की तिथं वारसा म्हणून काम दिलं गेलं. इंदुताई २०१७ मध्ये गेल्या, गेलताई २०२१ मध्ये. काम पुढच्या पिढीकडे आहे.

मी हे माझ्या घराशी ताडून बघते. माझी मुलगी इथेच जन्मली. गणपतीत आरती म्हणते, पुरणपोळी आवडीनं खाते. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ती बातमी वाचून तिनं जेवताना विचारलं, "आपली जात कुठली?" तिचे बाबा म्हणाले, "आपण मानत नाही." ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण कुठली ते माहीत आहे ना? मग कसं माहीत आहे?"

जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला गेलताईंचं 'अंडरस्टँडिंग कास्ट' वाचायला दिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मिनिआपोलिसला जन्मलेल्या एका बाईच्या पुस्तकातून मिळावं, हे मला योग्यच वाटलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी त्यावर सही करायला नकार दिला. त्या काळात आपल्या मराठी ईमेल ग्रुपांवर काय काय लिहिलं गेलं ते तुम्ही वाचलं आहे. 'इथे जात आहेच कुठे?' असं विचारणारे बरेच होते. २०२० च्या मे महिन्यात आमच्या शहरात जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसानं मारलं. तेव्हा आमच्या ओळखीतल्या अनेक मराठी घरांसमोर निषेधाच्या पाट्या लागल्या होत्या. मला त्याचा आनंद झाला होता. पण शेजाऱ्याच्या घरातला अन्याय दिसतो आणि स्वतःच्या घरातला दिसत नाही, हे कसं? आपल्या कुठल्याही संमेलनात नवा माणूस आला की पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" आणि आडनावावरून नीट कळलं नाही तर दुसरा, "म्हणजे मूळचे कुठले?" हे प्रश्न आपण निव्वळ गावाच्या ओढीनं विचारतो का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, आपल्या मंचानं वाचन-गट सुरू करावा, आणि पहिली दोन पुस्तकं 'गुलामगिरी' आणि गेलताईंचं ब्राह्मणेतर चळवळीवरचं पुस्तक असावीत. मुलांनाही बोलवावं. इंग्रजीत वाचलं तरी चालेल. दोन, यापुढे आपल्यापैकी कुणाच्या शहरात किंवा कंपनीत जातिभेदाच्या नियमावर चर्चा होईल तेव्हा मराठी माणसांनी तिथे जाऊन, नाव सांगून, बाजूनं बोलावं. हे अवघड आहे. मित्र दुखावतील. पण मित्र दुखावण्याच्या भीतीनं गेलताई कधी गप्प बसल्या नाहीत.

ऑम्व्हेट या आडनावावरून आपल्याकडे कुणालाच काही ओळखता येत नव्हतं. मूळच्या कुठल्या, याचं उत्तर त्यांनी मुक्कामाच्या गावात राहून, तिथल्या माणसांबरोबर काम करून दिलं. आपणही असेच एका परक्या गावात येऊन राहिलो आहोत. आपलं उत्तर अजून द्यायचं आहे.

 आता प्रश्न विचारा, आणि नाही पटलं तर वादही घाला.